लेपर्ड गेकोसाठी टाकी किती मोठी घ्यायची आणि खाण्याची व्यवस्था कशी लावायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत राहणारे मराठी कुटुंब, घर शाकाहारी, ११ वर्षांच्या मुलीला लेपर्ड गेको (पालीसारखा ठिपक्यांचा प्राणी) पाळायचा आहे. दुकानात १० गॅलनची काचेची टाकी, लाल दिवा, कॅल्शियमची वाळू आणि तळाला चिकटवायचा हीटर असा तयार संच दाखवला. एवढ्यात भागेल का, खायला काय द्यायचे, आणि डिसेंबरात ४ आठवडे पुण्याला जाताना त्याची सोय कशी करायची?

त्या संचात भागणार नाही. टाकी लहान आहे, लाल दिवा नको, वाळू धोक्याची आहे आणि थर्मोस्टॅट नसेल तर त्या हीटरने प्राण्याचे पोट भाजते. हे सगळे एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते. गेकोला खाल्लेले पचवायला बाहेरून ऊब लागते. पोटाखालची जागा पुरेशी गरम नसेल तर खाल्लेला किडा आतड्यात तसाच पडून राहतो, सडतो, आणि मग गेको खाणेच सोडतो. उलट सगळी टाकी गरम असेल तर त्याला थंडाव्याला जायला जागा उरत नाही. तेव्हा टाकीचे माप आणि खाण्याचे वेळापत्रक हा एकच प्रश्न समजा. टाकी चुकली की खाणे चुकतेच.

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्या भोवतालच्या खडकाळ, कोरड्या टेकड्यांमधला. दिवसा दगडांच्या कपारीत झोपतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो. घरच्या पालीसारखी चिकट बोटे त्याला नाहीत, नख्या आहेत. त्यामुळे तो काचेवर चढू शकत नाही. त्याला पापण्या आहेत, तो डोळे मिटून झोपतो. पूर्ण वाढलेला ८ ते १० इंच लांब आणि साधारण ५० ते ८० ग्रॅम वजनाचा होतो. नीट ठेवला तर १५ ते २० वर्षे जगतो. आज ११ वर्षांची असलेली मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल तेव्हाही तो घरात असेल, हे घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी ध्यानात घ्यावे.

टाकी: उंची नाही, जमीन मोजा

दुकानात टाक्या गॅलनमध्ये विकल्या जातात, कारण त्या मुळात माशांसाठी बनतात. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला गॅलनचा काही उपयोग नाही. तळ मोजा. १० गॅलनच्या टाकीचा तळ २० बाय १० इंच, म्हणजे २०० चौरस इंच. '२० लाँग' म्हणतात तिचा ३० बाय १२, म्हणजे ३६०. '४० ब्रीडर'चा ३६ बाय १८, म्हणजे ६४८ चौरस इंच. एका मोठ्या लेपर्ड गेकोसाठी मी ३६ बाय १८ हे किमान माप धरतो. बरीच वर्षे २० लाँग पुरेशी मानली जात होती आणि जुन्या माहितीपत्रकांत अजून तेच लिहिलेले सापडते. तिच्यात गेको जगतो, पण तिथे धड तीन लपायच्या जागा मावत नाहीत आणि तापमानाचा उतार जेमतेम मिळतो. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर ४८ बाय २४ इंचांची घ्या. तो तिचा कोपरान् कोपरा वापरतो.

लांबीवर इतका भर का, ते सांगतो. टाकीच्या एका टोकाला जमीन ३२ ते ३४ अंश सेल्सियस हवी, म्हणजे ९० ते ९३ फॅरनहाइट. दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश, म्हणजे ७५ ते ७८ फॅरनहाइट. मधल्या पट्ट्यात हळूहळू उतरत जाणारी ऊब. २० इंचांच्या काचेच्या पेटीवर दिवा लावला की तासाभरात दोन्ही टोके सारखीच तापतात. मग लोक दिवा बंद करतात, की दोन्ही टोके थंड पडतात. अशा पेटीत कितीही महागडा थर्मोस्टॅट लावला तरी उतार मिळत नाही, कारण उतार पसरायला लांबीच नसते. ३६ इंचांत तो सहज मिळतो.

पिल्लाला मोठी टाकी घाबरवते, त्याला आधी छोटीच द्यावी, असे पुष्कळदा सांगितले जाते. पिल्लू घाबरते ते मोकळ्या, उघड्या जागेला. तीच ३६ इंचांची टाकी सालींचे तुकडे, चपटे दगड, कृत्रिम वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या यांनी भरून टाका. पिल्लू एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जाईल आणि बिनधास्त राहील. पिल्लाला शिकार सापडणार नाही ही भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे चिमट्याने भरवणे किंवा वाटीत अळ्या देणे. दोन टाक्या विकत घेण्यापेक्षा एकदाच मोठी घेणे स्वस्तही पडते.

पुढून सरकत्या दारांची टाकी मिळाली तर तीच घ्या. झडप घालणारा शत्रू नेहमी वरून येतो, हे या प्राण्याच्या रक्तात आहे. वरून हात आत गेला की तो दचकतो. पुढून हात गेला की लवकर सवय होते.

एका टाकीत एकच गेको. दोन नर एकमेकांना फाडतात. नर-मादी ठेवली तर नर सारखी अंडी घालायला लावून मादीला झिजवतो. दोन माद्या शांत बसलेल्या दिसतात, पण गरम जागा आणि खाणे एकीच्या वाट्याला जाते आणि दुसरी हळूहळू वाळत जाते. एकमेकांवर चढून बसलेल्या दोघी प्रेमाने बसलेल्या नसतात; दोघींनाही तीच एक उबदार जागा हवी असते.

जुनी टाकी घ्यायला हरकत नाही, पण आधीचा गेको कशाने गेला ते विचारा. शेपटी काडीसारखी होऊन मेला असेल तर ती टाकी घेऊ नका. तो क्रिप्टोस्पोरिडियम (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असू शकतो, आणि त्याचे बीजकण नेहमीच्या ब्लीचने मरत नाहीत.

ऊब: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

दोन मार्ग आहेत. पहिला, वरून हॅलोजन दिवा. १८ इंच उंचीच्या टाकीला ५० ते ७५ वॅटचा साधा पांढरा हॅलोजन पुरतो. तो टाकीच्या एका टोकावर, जाळीच्या झाकणावर, खोल घुमटाच्या होल्डरमध्ये बसवा आणि डिमिंग थर्मोस्टॅटला (दिव्याची ताकद हळूहळू कमी-जास्त करून तापमान राखणाऱ्या यंत्राला) जोडा. डिमिंगच हवा, नुसता चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट दिव्याची सारखी उघडझाप करतो आणि दिवा लवकर उडतो. होल्डर चिमट्याच्या भरवशावर ठेवू नका. चिमटा निसटून दिवा गालिच्यावर पडला तर आग लागते. वरून साखळीने टांगा.

दुसरा मार्ग, तळाखालचा हीटर. तो टाकीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला, एका टोकाशी चिकटवतात. त्याला चालू-बंद थर्मोस्टॅट चालतो, पण थर्मोस्टॅट हवाच. त्याच्याशिवाय काच ४५ अंशांच्या वर जाऊ शकते, आणि गेकोला पोटाचा दाह वेळेवर कळत नाही. तो उबेला म्हणून तिथेच पडून राहतो आणि फोड येतात. प्रोब (थर्मोस्टॅटच्या वायरचे तापमान मोजणारे टोक) काच आणि हीटर यांच्यामध्ये किंवा आतून थेट फरशीखाली पक्का चिकटवा. प्रोब सुटून बाहेर पडला तर थर्मोस्टॅटला वाटते टाकी थंड आहे, आणि तो हीटर पूर्ण जोराने चालवत राहतो. टाकीच्या चार कोपऱ्यांखाली रबरी ठोकळे लावून तळ थोडा उचला, म्हणजे उष्णता खाली कोंडणार नाही.

दोन्ही मार्ग एकत्र करताना एक गोष्ट सांभाळा: तळात मातीचा जाड थर घालणार असाल तर खालचा हीटर विसरा. माती उष्णता अडवते, वर काही पोहोचत नाही आणि कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते. माती असेल तर ऊब वरूनच द्या. मी स्वतः वरची ऊबच पसंत करतो. दगड दिवसभर तापतो आणि संध्याकाळी दिवा विझल्यावर गेको त्या तापल्या दगडावर पोट टेकून बसतो, रानात बसतो तसाच.

लाल दिवा रात्री चालतो, प्राण्यांना लाल दिसत नाही, हे चुकीचे आहे. गेकोला अंधुक उजेडातही रंग ओळखू येतात. लाल दिव्याने त्याची रात्र होतच नाही. रात्री टाकीत पूर्ण अंधार हवा. तापमान २० अंशांपर्यंत उतरले तरी चांगलेच. खोली १८ अंशांच्या, म्हणजे ६५ फॅरनहाइटच्या खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर जोडा. आणि 'हॉट रॉक' नावाचे वायर घातलेले दगड मिळतात, ते कधीही घेऊ नका. त्यांच्यातला एखादा ठिपकाच तापून भाजतो.

तापमान मोजायला काचेला चिकटवायचे गोल, काट्याचे तापमान-घड्याळ नको. ते काचेजवळच्या हवेचे तापमान सांगते, तेही चुकीचे. प्रोबवाले डिजिटल थर्मामीटर आणि स्वयंपाकघरात तव्याचे तापमान बघायला वापरतात तसली इन्फ्रारेड गन घ्या. दिवा लावून दोन तासांनी फरशीवर गन रोखून बघा. गेको घरी आणण्याआधी ही टाकी तीन-चार दिवस रिकामीच चालवून तापमान स्थिर करा.

याशिवाय कमी ताकदीची, ५ ते ७ टक्क्यांची टी-५ यूव्हीबी नळी (अतिनील किरण देणारी बारीक ट्यूब) उबदार बाजूवर दिवसा १२ तास लावा. ती नसेल तर गेको मरतो असे नाही, पण असेल तर कॅल्शियमचा हिशेब खूप सोपा होतो. नळी वर्षाला बदला. उजेड दिसत राहतो, पण यूव्हीबी ओसरते. खिडकीतले ऊन यूव्हीबीच्या कामाचे नाही, कारण काच ती अडवते, आणि खिडकीशी ठेवलेली काचेची टाकी अर्ध्या तासात भट्टी होते. अल्बिनो जातीचा गेको असेल तर त्याला उजेड खुपतो. आडोसा भरपूर ठेवा आणि तो सारखा डोळे मिटून घेतो का ते बघा.

आत काय हवे

तीन लपायच्या जागा हव्यात: एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, एक मध्ये ओली. ओल्या जागेसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला गेकोच्या खांद्यांहून थोडे मोठे भोक पाडा, कडा सँडपेपरने घासा आणि आत ओले करून घट्ट पिळलेले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) किंवा टिश्यू पेपर भरा. कात टाकताना गेको तिथे जाऊन बसतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घर गरम करणारी भट्टी (फर्नेस) चालू झाली की घरातली हवा इतकी कोरडी होते की हा डबा दोन-तीन दिवसांत सुकतो. रोज बोट लावून बघा. कात बोटांच्या टोकांना अडकून राहिली तर ती दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबते आणि बोट गळून पडते. कात टाकल्यावर चारही पंजे तपासायची सवय मुलीला आत्ताच लावा. अडकलेली दिसली तर घोट्यापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात १५ मिनिटे उभे करा आणि कापसाच्या ओल्या काडीने हलकेच सोडवा. ओढू नका.

तळाला पहिले दोन-तीन महिने किचन टॉवेल. त्यावर शी दिसते, अर्धवट पचलेला किडा दिसतो, रक्त दिसते. प्रकृती ठीक आहे हे कळल्यावर दगडी फरशी घाला. ३६ बाय १८ इंचांच्या तळात १२ इंची चौरस फरश्या तीन पूर्ण आणि तीन अर्ध्या बसतात. दुकानात कापून देतात. फटींत थोडी माती भरली की किडे खाली जात नाहीत. गेको शक्यतो एकाच कोपऱ्यात शी करतो, तेवढी फरशी पुसली की झाले. माती हवी असेल तर खत न घातलेली वरची माती ७० टक्के आणि प्ले सँड (मुलांच्या खेळायची वाळू) ३० टक्के, दोन ते तीन इंच, ओलसर करून दाबून वाळवलेली. कॅल्शियमची वाळू मात्र अजिबात नको. कॅल्शियमच्या ओढीने गेको ती चाटतो, ती पोटात दगडासारखी बसते आणि शी थांबते. रेप्टाइल कार्पेटच्या धाग्यांत नख अडकून बोट मोडते, तेही टाळा.

पाण्याची उथळ वाटी थंड टोकाला ठेवा, रोज पाणी बदला.

खाणे: शाकाहारी घराने आधी ठरवायची गोष्ट

लेपर्ड गेको फक्त किडे खातो, आणि जिवंतच. भाजी, फळ, पोळीचा तुकडा, पनीर यांतले काहीही त्याला पचत नाही. वाळवलेले किडे हलत नाहीत म्हणून त्याला ते खाणे वाटतच नाही. घरात झुरळांचा डबा किंवा फ्रिजमध्ये अळ्यांची वाटी चालणार नसेल, तर आत्ताच थांबा आणि क्रेस्टेड गेकोचा विचार करा. तो न्यू कॅलेडोनियाचा, झाडावर राहणारा. १९९४ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत तो नामशेष झाला असे समजत होते. त्याला भुकटी पाण्यात कालवून दिली की त्याचे पोषण पूर्ण होते: एक भाग भुकटी, दोन भाग पाणी, रात्री टाकीच्या वरच्या भागात चिकटवलेल्या कट्ट्यावर, आठवड्यातून तीनदा, उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे. रेपाशी, पॅन्गिया या त्यातल्या चालू कंपन्या. बहुतेक मिश्रणांत फळांबरोबर दुधाची किंवा अंड्याची प्रथिने असतात, काहींत किड्यांचे पीठही असते. डब्यावरची यादी वाचून घ्या. त्याची टाकी मात्र उभी लागते, किमान १८ बाय १८ बाय २४ इंच उंच, आत फांद्या आणि रोज संध्याकाळी पाण्याची फवारणी. त्याला दिव्याची ऊब नको; २२ ते २६ अंश त्याला मानवतात आणि २८ च्या वर तो आजारी पडतो, म्हणजे उन्हाळ्यात एसी लागणार. तो जास्त उड्या मारतो, हातात कमी ठरतो, आणि एकदा तोडलेली शेपटी त्याला परत येत नाही.

लेपर्ड गेकोच ठरला तर घराला सगळ्यात कमी त्रासाचे खाद्य म्हणजे डुबिया झुरळे. नाव ऐकून तोंड वाकडे होईल, पण ही स्वयंपाकघरातली झुरळे नव्हेत. गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत, उडत नाहीत, वास नाही, आवाज नाही, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानात घरात पसरून वाढत नाहीत. झाकणाला जाळी लावलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात अंड्यांचे पुठ्ठे उभे रचून ठेवा. रातकिडे गेकोला फार आवडतात, पण ते रात्रभर ओरडतात, घाण वास येतो, पाण्यात बुडून मरतात आणि सुटले की फ्रिजमागे महिनाभर मुक्काम करतात. मिलवर्म अळ्या फ्रिजच्या दारात ठेवल्या की आठवडे टिकतात; आठवड्यातून एकदा बाहेर काढून गाजराच्या फोडीवर दिवसभर ठेवायच्या. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या छोट्या कपात मिळतात आणि त्यांच्यात कॅल्शियम इतर किड्यांपेक्षा बरेच जास्त असते. त्या फ्रिजमध्ये मरतात, थंड तळघरात ठेवा. वॅक्सवर्म अळी म्हणजे तुपातला लाडू. आजारातून उठलेल्याला ठीक, एरवी महिन्यात एक-दोन. चटक लागली तर गेको बाकी सगळे नाकारतो.

अंगणातले किडे कधीच देऊ नका. लॉनवर फवारलेले कीटकनाशक त्यांच्यातून पोटात जाते. आणि जूनच्या संध्याकाळी अंगणात चमकणारे काजवे तर सरळ विष आहेत; अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगातले द्रव्य सरड्या-पालींच्या हृदयावर आघात करते, एकानेही जीव जाऊ शकतो. मुलगी प्रेमाने एखादा आणून घालेल, म्हणून तिला हे नीट सांगा.

किड्याचा आकार असा ठरवा: किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लांब नको. अळी बारीक असेल तर थोडी लांब चालते. फार मोठा किडा गिळला की तो उलटून टाकतो, आणि एकदा उलटल्यावर दोन-तीन दिवस पोट रिकामे ठेवावे लागते.

किती आणि कधी? चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला रोज, पाच ते सात छोटे किडे. चार महिने ते एक वर्ष, दिवसाआड, सहा-सात. वर्षाच्या पुढे आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी पाच ते आठ. वेळ संध्याकाळची, दिवा विझायच्या थोडे आधी, म्हणजे खाऊन झाल्यावर तापलेली फरशी त्याच्या पोटाखाली असते. १५-२० मिनिटांत जेवढे खाईल तेवढे. उरलेले रातकिडे हुडकून काढा. ते नंतर झोपलेल्या गेकोच्या डोळ्यांच्या कडा आणि बोटे कुरतडतात. अळ्या आणि डुबिया गुळगुळीत काठाच्या, दोन इंच खोल काचेच्या वाटीत द्या. वाटी थंड आणि गरम भागांच्या मध्ये ठेवा. गरम टोकाला अळ्या वाळतात.

आता कॅल्शियम. बहुतेक किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. नुसते किडे खाऊन राहिलेला गेको कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढतो. आधी बोटे थरथरतात, मग जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून प्लास्टिकच्या पेल्यात किडे घ्या, चिमूटभर भुकटी टाका, पेला गोल फिरवा, किडे हलके पांढरे दिसले की लगेच द्या. थोड्या वेळाने ते भुकटी अंगावरून झाडून टाकतात. यूव्हीबी नळी असेल तर प्रत्येक जेवणाला डी-३ (कॅल्शियम शोषायला मदत करणारे जीवनसत्त्व, यूव्हीबीने ते अंगातच तयार होते) नसलेले साधे कॅल्शियम, आणि दोन आठवड्यांतून एकदा डी-३ असलेले मल्टिव्हिटॅमिन. नळी नसेल तर डी-३ असलेले कॅल्शियम बहुतेक जेवणांना आणि मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर व्हिटॅमिन ए 'रेटिनॉल' किंवा 'रेटिनिल' या नावाने लिहिलेले असावे. नुसते बीटा-कॅरोटीन या प्राण्याला पुरत नाही, डोळ्यांत पापुद्रे साचतात. डी-३ जास्त दिला तरी अपाय होतो, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या डी-३ भुकट्या एकत्र करू नका.

किड्यांनाही खायला घाला. गेकोला देण्याआधी किमान २४ तास त्यांना गाजर, रताळे, मोहरीची किंवा कोलार्डची पाने द्या. पालक नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. उपाशी किडा म्हणजे नुसते टरफल.

खात नसेल तेव्हा

पहिले काम फरशीवर गन रोखणे. दहांपैकी बहुतेक वेळा गरम टोक थंड पडलेले असते. दुसरे काम वजन. पीठ मोजायचा डिजिटल काटा चालतो, पण त्याच्यासाठी वेगळा ठेवा. पिल्लाचे दर आठवड्याला, मोठ्याचे महिन्याला वजन वहीत लिहा. मोठा नर वसंतात काही आठवडे खात नाही आणि वजन टिकून असते, ते काळजीचे नाही. वजन १० टक्क्यांनी उतरले, किंवा पिल्लाने आठवडाभर काहीच खाल्ले नाही, तर सरीसृपांचा पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर पुरत नाही. 'असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड ॲम्फिबियन व्हेटरिनेरियन्स' या संघटनेच्या सूचीत तुमच्या भागातले डॉक्टर सापडतात. ताजी शी झिपच्या पिशवीत घालून थंड पेटीतून बरोबर न्या.

शेपटी हा त्याचा साठा आहे. मानेइतकी किंवा थोडी जाड शेपटी उत्तम. धडाइतकी जाड झाली आणि बगलेत फुगवटे आले की तो लठ्ठ आहे, जेवण आठवड्यातून दोनदावर आणा.

घेताना नेहमी पिंजऱ्यात जन्मलेला घ्या आणि मोहात न पडता दोन रंगप्रकार टाळा. 'एनिग्मा'त तोल जाऊन गोल गोल फिरण्याचा जन्मजात दोष असतो, आणि 'लेमन फ्रॉस्ट'मध्ये त्वचेच्या गाठी होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. पुण्याला गेल्यावर एक गोष्ट मुलीला दाखवता आली तर दाखवा: याच वंशातले गेको महाराष्ट्रातही आहेत, आणि २०१४ मध्ये सातपुड्यातून त्यातल्या एका नव्या जातीचे वर्णन झाले. विषारी समजून लोक त्यांना ठेचतात. जगातला एकही गेको विषारी नाही. त्यांना तिथेच, रानात बघायचे.

टाकीला किंवा किड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कारण निरोगी गेकोच्या शीतही साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. वाट्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर त्याला हात लावू देऊ नका.

चार आठवडे बाहेर जाताना

मोठा, अंगाने भरलेला गेको पाणी असेल तर आठवडाभर उपाशी सहज राहतो, पण ४ आठवडे नाही. कोणीतरी दर दोन-तीन दिवसांनी येऊन पाणी बदलणे, ओला डबा ओला करणे आणि आठवड्यातून दोनदा खाणे घालणे एवढे हवे. त्या व्यक्तीला झुरळे पकडायला लावू नका. मिलवर्म ठेवा, प्रत्येक वेळच्या आठ अळ्या वेगळ्या छोट्या डबीत मोजून, डब्यांवर तारीख टाकून, भुकटीची चिमूट वेगळ्या पुडीत. दिवे टायमरवर लावा. पशुवैद्याचा फोन टाकीवर चिकटवा.

लोक हमखास एक चूक करतात: घर रिकामे म्हणून घराचा थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर आणून निघतात. खोली १३ अंशांवर गेली की टाकीवरचा दिवा पुरा पडत नाही, आणि शेजाऱ्यांनी प्रेमाने घातलेल्या अळ्या पोटात सडतात. ती खोली किमान ६८ फॅरनहाइटवर ठेवा. दिवसभर वीज गेली तर शेजाऱ्यांनी खाणे अजिबात घालायचे नाही, नुसते टाकीवर ब्लँकेट टाकायचे, तेही दिव्याची वायर काढून, आणि टाकी पुन्हा पूर्ण गरम होऊन एक दिवस गेल्यावरच पहिली डबी उघडायची, हे चिठ्ठीत ठळक लिहून ठेवा.